बारकी खाडी बांधली तो हंगाम

बहरीनमध्ये ऋतू बदलला हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. एसी बंद होतात. सहा-सात महिने अखंड घरघरणारी मशिनं आठवड्याभरात एकेक करून गप्प होतात, आणि हमद टाउनमधल्या आमच्या गल्लीत दुसरेही आवाज असतात हे लक्षात येतं. शेजारच्या स्वयंपाकघरात पडलेलं भांडं ऐकू येतं. गोल चौकाला वळसा घालणाऱ्या गाड्या ऐकू येतात. खिडकी उघडी ठेवता येते. लोक कोळशाच्या शेगड्या घेऊन वाळवंटात तंबू ठोकायला निघतात. माझा मुलगा अनंत म्हणतो, "आई, आता चार महिने माणसासारखं राहायचं."

दर वर्षी या दिवसांत मला बांधाचा हंगाम आठवतो. तिकडं कोकणात भात कापून, झोडून घरात आलेलं असतं आणि माणसं खारजमिनीचे बांध घालायला, दुरुस्त करायला बाहेर पडलेली असतात. पन्नासहून जास्त वर्षं मी तो हंगाम मोठ्या अभिमानानं आठवत आले, भेटेल त्याला सांगत आले. यंदा तसं सांगता येत नाही. यंदा मला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यापासून मी भाकरी थापता थापता थांबते आणि तव्यावरची करपते. मी रडणारी बाई नाही. चौथीपर्यंत शिकले, गिरण चालवली, मुलं वाढवली, नवरा पोचवला. धक्का बसायचं आपलं वय गेलं, असं मला वाटत होतं.

वळणबंदर हे गाव जुनं नव्हतं. कोकणातलं गाव म्हटलं की लोकांना वाटतं पांडवांच्या वेळचं असेल, म्हणून आधी सांगते. माझे सासरे डोंगरातून खाली आले तेव्हा नदीच्या त्या वळणावर तिवरांचं रान, चिखल आणि डास एवढंच होतं. अकरा घरं आली. कुणाला वर जमीन नव्हती, कुणाचं भावाशी पटत नव्हतं. त्यांनी तिवरं तोडली, दगड टाकून धक्का केला, आणि समुद्राकडून येणारी लाँच तिथं थांबायला लागली. लाँच थांबली म्हणून चहाचं दुकान आलं. चहाचं दुकान आलं म्हणून माणसं बसायला लागली. माणसं बसायला लागली म्हणून न्हावी आला. मग कौलांची वखार, कापडाचं दुकान, टपालाची पेटी, चौथीपर्यंतची शाळा आणि आमच्या सासऱ्यांची भाताची गिरण.

मी लग्न होऊन लाँचनंच आले. सतरा वर्षांची होते. धक्क्यावर लाल कौलांच्या थप्प्या माझ्या डोक्याहून उंच. रॉकेलचे डबे, ओल्या गोणपाटांचा वास, आणि गिरणीतून उडणारा कोंडा सगळ्यांच्या भुवयांवर बसलेला, त्यामुळं तरणी माणसंही म्हातारी दिसत. लाँचचा भोंगा झाला की सगळं गाव धक्क्यावर. आपलं कुणी येणार नसलं तरी जायचं. कोण उतरलं, काय आणलं, कुणाची सून तोंड फुगवून माहेराहून परत आली, हे बघायला. मला ते गाव आवडलं. सगळेच उपरे, त्यामुळं कुणी कुणाला उपरं म्हणत नव्हतं.

लाँच हसन तांडेल चालवायचा. तिशीचा, काळा, लांब हातांचा. त्याची बायको हलिमा आमच्या घरापासून चार घरं पुढं राहायची. हसनची जीभ फार चालायची. मी पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा माझ्या काखेत कोंबडी होती. तो चाकावरून ओरडला, "ए गिरणीवाल्यांची नवी सून, ती कोंबडी नीट धर. पंख असलेल्याला माझ्या लाँचवर तिकीट लागतं." सगळी लाँच हसली. मला राग आला आणि माझंही हसू दाबलं गेलं नाही.

धक्क्याच्या थोडं वर नदीतून एक फाटा आत जात होता. त्याला बारकी खाडी म्हणत. भरतीला तिच्यात पाणी शिरायचं, आत दूरवर पसरायचं, आणि ओहोटीला धावत धावत बाहेर पडून धक्क्यासमोरून समुद्राकडं जायचं. सासऱ्यांना त्या पसरलेल्या पाण्याच्या जागी भात दिसत होतं. खाडीचं तोंड बांधलं की आतली जमीन खाऱ्या पाण्यातून सुटली. एक-दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन गेलं की शेत तयार. गावाला जमीन, आणि गिरणीला भात.

मी आले त्याच हिवाळ्यात बांध घालायचं ठरलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात हसन गिरणीच्या ओट्यावर आला. मी दाराआड भात पाखडत होते.

"दादा, बारकीचं तोंड बांधू नका," तो म्हणाला.

सासरे पोतं शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "का रे? तुझ्या होड्या कुठं लावशील म्हणून?"

"होड्या लावीन तुमच्या दारात. बारकीचं पाणी ओहोटीला जोरानं येतं, ते धक्क्यासमोरचा गाळ ओढून नेतं. ते बंद केलंत तर नदी भरेल. माझी लाँच बसेल."

"नदी कधी भरते का रे? चांगलं दोन पुरुष पाणी आहे धक्क्याला."

"ते कुणी ठेवलंय तेवढं?"

"देवानं," सासरे म्हणाले.

ओट्यावरचे सगळे हसले. मीही दाराआड हसले. हसन पण हसला, काय करणार.

खाडी एकदम बांधता येत नाही. दोन्ही काठांकडून चिखलाचा बांध पुढं पुढं आणायचा आणि मध्ये पाण्याला वाट ठेवायची. तिला खांड म्हणतात. ती खांड बुजवायची एकाच ओहोटीत, तीही अष्टमीच्या सुमारास, तेव्हा भरतीला जोर नसतो. पाणी परत फिरायच्या आत बुजली तर बुजली, नाही तर दोन महिन्यांचं काम वाहून जातं. घरटी माणसं द्यायची. बायकांनी रांग धरायची. हसनचं घरही आलं होतं, हलिमा माझ्या पुढं उभी होती. गुडघाभर गाळ, वरून ऊन, खालून गारठा. ढेकूळ या हातातून त्या हातात. फक्त चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, पुन्हा पुन्हा. गाळाला एक वास असतो, सडका नव्हे, लोखंडासारखा. तो नखांत आठवडाभर राहतो.

आमच्याकडं अशी रीत होती की खांडीतलं शेवटचं ढेकूळ त्या वर्षी आलेल्या नव्या सुनेनं ठेवायचं. सून घरात टिकते तसा बांध टिकावा म्हणून. त्या वर्षी गावात नवी सून मी एकटीच. मला हळदकुंकू लावलं. मी ते ढेकूळ पोटाशी धरून बांधावरून चालत गेले. त्यात एक बारीकसा खेकडा होता, तो माझ्या मनगटावरून चालला तरी मी हात सोडला नाही. ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "दाब पायानं. घट्ट दाब." मी दाबलं. पाणी थांबलं. पलीकडं भरती येऊन बांधाला लागली आणि तिथंच उभी राहिली. माणसांनी नारळ फोडला. सतरा वर्षांच्या मुलीनं नदीला थांबवलं, असं मला वाटलं. पुढं आयुष्यभर मी हेच सांगत आले. इथं बहरीनमध्ये मंडळाच्या हळदीकुंकवातही सांगितलंय, आणि बायकांनी कौतुकानं ऐकलंय.

पुढची तीन वर्षं वळणबंदर फुगलं. आत भात पिकलं, गिरण दिवसभर चालू लागली, वखारवाल्यानं दुसरी वखार घातली, न्हाव्यानं आरसा आणला. आणि नदी हळूहळू वर येत होती. आधी लाँचचं बूड घासल्याचा आवाज येई, तेव्हा प्रवासी एकमेकांकडं बघून हसत. मग हसन चाक खलाशाच्या हातात देऊन स्वतः पुढं जायला लागला, लांब बांबू पाण्यात खुपसून खोली बघायला. लोक म्हणाले, नदी रुसली. वर डोंगरात झाडं तुटली म्हणाले. देवीचं काही राहिलं म्हणाले. बांधाचं नाव कुणी काढलं नाही. बांधात भात पिकत होतं.

चौथ्या वर्षी माझी नणंद सुमती बाळंतपणाला आली. दोन दिवस कळा आल्या आणि सुटका होईना, तेव्हा सुईणीनं हात टेकले. तिला लाँचनं खाली तालुक्याच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. बरोबर मी. ओहोटी लागली होती, पण थांबायला वेळ नव्हता. हसन म्हणाला, "बसा. बघू." वळणाच्या खाली लाँच बसली. आवाजही फार झाला नाही. पाणी खाली खाली गेलं आणि लाँच एका अंगावर कलली. दोन्हीकडं कमरेपेक्षा खोल गाळ. हसननं बाकड्यांच्या फळ्या उपटून गाळावर टाकल्या आणि त्यांवरून चालून बघितलं, तो छातीपर्यंत रुतला. खलाशानं दोर टाकून त्याला ओढलं. भरती येईपर्यंत आम्ही तिथं बसलो. बाळ लाँचवरच झालं आणि लाँचवरच गेलं. सुमतीनं दुसऱ्या दिवशी इस्पितळात प्राण सोडला.

आठवड्यानं बैठक बसली. देवळापुढं, सगळं गाव. घरातून निघताना सासरे मला म्हणाले, "विचारतील तेवढंच सांग." मला एकच प्रश्न विचारला.

"लाँच बसली तेव्हा चाकावर कोण होतं?"

"खलाशी," मी म्हणाले.

"हसन चाकावर नव्हता?"

"नव्हता."

हे खरं होतं. तो पुढं होता, बांबू घेऊन, पाणी मोजत होता. मी बघितलं होतं. ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हसन माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं असेल मी पुढं बोलेन. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बायकांत जाऊन बसले. मी स्वतःला सांगितलं, तांडेलाला आपली नदी ठाऊक हवी. लाँच रुतली तर त्याचीच चूक. सुमती माझ्या मांडीवर डोकं ठेवून तडफडली होती, मला कुणाचा तरी राग हवाच होता. तो मुसलमान होता म्हणून त्याला धरलं, असं मी कधी मानलं नाही. कोळी असता तरी धरलाच असता, असं म्हणत आले. आता तेही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

बैठकीनं दोष हसनवर टाकला, आणि त्या महिन्यात तो गाव सोडून गेला. हलिमा आणि रांगती मुलगी घेऊन नदीच्या मुखाशी, सासुरवाडीला. जाताना आमच्या दारावरून गेला, कुणाशी बोलला नाही. कुणी त्याच्याशी बोललंही नाही. लाँचवर दुसरा तांडेल आला. त्याचीही लाँच बसली, दोनदा. त्याच्यासाठी कुणी बैठक घेतली नाही.

मग लाँच खालच्या बंदरापर्यंतच यायला लागली. सगळ्यात आधी न्हावी गेला, आरसा पाठीला बांधून. मग वखारी. मग नदीच्या पलीकडच्या अंगानं सडक झाली. कापडवाला सडकेवर गेला, चहावाल्यानं कुलूप लावलं. एखाद्या घरातली भांडी एकेक करून विकली जावीत तसं ते गाव रिकामं झालं. शाळेचा मास्तर बदलून गेला आणि नवा आलाच नाही. तरणी माणसं मुंबईला, मग आखातात. बांधाला दर हिवाळ्यात चिखलाचे हात लागतात. हातच नव्हते. आमचे हे आणि आणखी तिघं म्हातारे घमेली घेऊन जायचे आणि दुपारी दमून परत यायचे. एका उधाणाला खांड पडली. आमच्या शेतात खारं पाणी घुसलं आणि मग घुसतच राहिलं. हे गेले त्यानंतर अनंतानं मला इथं आणलं. बंद गिरणीचं दार मी साखळी लावून आले, कुलूप लावायचं कुणापासून?

आता यंदाचं सांगते.

एसी बंद झाले त्या आठवड्यात गावाकडच्या पुतण्यानं घराच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. आमचा जुना धक्का. त्याला एक भलामोठा मासेमारी ट्रॉलर लागलेला, आजवर तिथं आला नव्हता एवढा. मागं सगळं हिरवं, तिवरच तिवर. त्यात आमच्या गिरणीची एक भिंत. बाकी घर नाही, माणूस नाही. मी अनंताला म्हटलं, "त्याला फोन लाव. एवढी बोट आली कशी तिथं?"

पुतण्या म्हणाला, "काकू, नदी आता मस्त खोल झालीय. बांध फुटला तेव्हापासून दर वर्षी खोलच होतेय. वारा सुटला की ट्रॉलर आसऱ्याला आत येतात. उतरत कुणी नाही. उतरून जायचं कुठं?"

अनंत जेवत होता. तो सलमाबादला वर्कशॉपमध्ये गाळ उपसणाऱ्या बोटींचे पंप दुरुस्त करतो. इथं समुद्रात भर टाकून जमीन करतात, हे काम कधी संपत नाही. मान वर न करता म्हणाला, "त्यात काय नवल. पाणी जेवढं आत जाऊन बाहेर येतं तेवढाच मार्ग मोकळा राहतो. आत जायची जागा बंद केली की गाळ बसणारच. बारकी खाडी बांधली त्या दिवशीच बंदर खलास झालं, आई. तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

त्यानं आणखी आमटी घेतली. माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. ज्या ढेकळाचा मला एवढा मान होता त्यानं ते गाव बुजवलं. लाँच त्या ढेकळावर बसली. सुमती त्या ढेकळावर गेली. आणि हे आधीच सांगणाऱ्या माणसाला मी एका शब्दात गावाबाहेर काढलं. एवढ्या वर्षांत एकदाही हे दोन धागे मी एकत्र धरून बघितले नव्हते. समोरच तर होते. बुद्धी कमी होती असं नाही. मी गिरण चालवलेली बाई आहे, पाणी कुठं अडलं की कुठं तुंबतं हे मला कळतं. बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नाही.

हसनची ती रांगती मुलगी, झुबेदा, इथंच राहते, चौकाच्या पलीकडं. हसन पुढं बहरीनला आला होता, होड्यांवर. मुलीचं लग्न इथल्याच एका रत्नागिरीकडच्या दुकानदाराशी झालं. हसन म्हातारपणी परत गेला आणि तिकडंच वारला. दोन वर्षांपूर्वी दुकानात माझी भाषा ऐकून झुबेदानं मला गाव विचारलं. तेव्हापासून ती मला मावशी म्हणते. सुके बोंबील आणून देते, मी घावनं देते. आपला बाप वळणबंदरहून कसा निघाला हे तिला ठाऊक आहे, मी कुणाची सून हेही ठाऊक आहे. हा विषय आम्ही कधी काढला नाही. दोघींनाही बरं पडत होतं.

गेल्या शुक्रवारी दुपारी ती आली. मी पाणीही दिलं नाही. म्हटलं, "झुबेदा, बस. लाँच बसली त्यात तुझ्या बापाची चूक नव्हती. आमची होती."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. मी सगळं सांगितलं. बांध, ढेकूळ, बांबू, बैठक. काही वगळलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर गॅसच्या सिलेंडरची गाडी भोंगा वाजवत फिरत होती.

"मला कशाला सांगता, मावशी?" ती म्हणाली. "मी तेव्हा रांगत होते. ज्याला ऐकायचं होतं तो मातीत गेला. अम्मा आहे अजून. तिला सांगा."

"तू सांग तिला. तुझं ती ऐकेल."

"मी का सांगू? बैठकीत मी होते का?"

तिनं तिथंच व्हिडिओ कॉल लावला. पलीकडं कुणीतरी फोन हलिमाच्या तोंडापुढं धरला. पांढरी ओढणी, दात नाहीत, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी ओळखली नसती.

"कोण?"

"वळणबंदरच्या गिरणीवाल्यांची सून."

तिनं तोंड फोनच्या जवळ आणलं. "जिवंत आहेस?"

"आहे."

"मी पण."

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. तो चाकावर नव्हता कारण तो पुढं पाणी मोजत होता. मी बघितलं होतं, सांगितलं नाही. नदी बांधानं भरली. तो म्हणाला तसंच झालं.

"मला ठाऊक आहे," हलिमा म्हणाली. "त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तू नवं काय सांगतेस?"

मला वाटलं होतं मी तिला काहीतरी देते आहे. झुबेदाचा फोन धरलेला हात दुखायला लागला असावा, तिनं तो दुसऱ्या हातात घेतला.

"एक विचारू?" हलिमा म्हणाली. "सुमतीला काय झालं होतं, मुलगा की मुलगी? तो लाँचच्या पुढच्या अंगाला होता, बायकांत आला नाही. मग तुम्ही कुणी त्याच्याशी बोललात नाही. मरेपर्यंत मला विचारायचा. मी कुठून सांगणार?"

"मुलगी," मी म्हणाले.

"पुऱ्या दिवसांची?"

"पुऱ्या दिवसांची. डोक्यावर केस होते, पुष्कळ."

हलिमानं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. मग झुबेदाला म्हणाली, "फोन ठेव बाय. मला जरा बसू दे."